अटल बीमित योजनेचा क्लेम: पोर्टल 'अपात्र' दाखवायलंय, विमा क्रमांक दोन, ओटीपी बंद नंबरवर

रांजणगाव_शेणपुंजी

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराच्या पटावर आम्ही अकरा ऑपरेटर होतो. १० ऑक्टोबरला ऑर्डर नाही म्हणून सगळ्यांना एकदम थांबवलं. हातात कागद काहीच दिला नाही. माझे सप्टेंबरअखेर २२ महिने भरलेत, पगार १४,६००, ईएसआयची (कामगार विम्याची) कपात दर महिन्याला व्हायची.

महिना उलटल्यावर ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) पोर्टलवर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा, म्हणजे नोकरी गेल्यावरच्या भत्त्याचा, क्लेम टाकायला गेलो तर 'अपात्र' दाखवायलंय. ऑगस्टपासून ठेकेदार बदलला होता. काम तेच, मशीन तेच, पण नव्या ठेकेदाराने नवा विमा क्रमांक काढला, त्यामुळे आता क्रमांक दोन झालेत. जुन्या क्रमांकाला लावलेला मोबाईल बंद आहे, ओटीपी तिकडंच जातो. नोकरी सुटल्याचं कारण 'लेफ्ट सर्व्हिस' (स्वतः नोकरी सोडली) लावलंय, राजीनामा मात्र आमच्यापैकी कुणीच दिलेला नाही. बँक पासबुक जुन्या स्टेट बँक ऑफ हैदराबादचं आहे. आणि सायबरवाला म्हणतो आधी स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करा, सगळ्याचे मिळून १,५०० द्या.

कुठून सुरुवात करावी? अकराही जणांचं थोड्याफार फरकाने हेच आहे.

पगारपत्रक

दादा, प्रतिज्ञापत्राचे पैसे आधी वाचवा. ती अट नोव्हेंबर २०२० मध्येच काढून टाकली आहे. ऑनलाइन क्लेम भरताना आधार आणि बँकेचा कागद स्कॅन करून जोडला की कागदी क्लेमही न्यावा लागत नाही. कागद जोडता आले नाहीत तरच सही केलेली प्रिंट आणि झेरॉक्स शाखा कार्यालयात द्यायच्या. क्लेमवर ठेकेदाराची सहीसुद्धा लागत नाही, तो थेट शाखेकडे जातो.

आता 'अपात्र' कशामुळे. पोर्टल फक्त त्या एका विमा क्रमांकासमोर जमा झालेले दिवस मोजतं. क्लेम दहादा टाकला तरी दिवस तेच राहणार, म्हणून दुरुस्ती तिथे करायची.

ईएसआयसी वर्षाचे दोन योगदान काळ धरते: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी १० ऑक्टोबरला गेली, म्हणजे लगतचा मागचा काळ एप्रिल ते सप्टेंबर. त्यात किमान ७८ पगारी दिवस हवेत. त्याच्या मागच्या तीन काळांपैकी कुठल्याही एकात पुन्हा ७८ हवेत. आणि एकूण विमा असलेली नोकरी किमान किती महिन्यांची लागते ते शाखेत विचारून घ्या. १ जुलै २०१८ ला योजना सुरू झाली तेव्हा अट दोन वर्षांची होती आणि भत्ता सरासरीच्या २५ टक्के. २०२० मध्ये अट सैल झाली, भत्ता ५० टक्क्यांवर गेला, आणि ९० दिवसांनी मागायचा क्लेम ३० दिवसांनी मागता येऊ लागला. अजूनही काही जण जुनी अट सांगून माणसाला दारातून परत पाठवतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तुमच्या नव्या क्रमांकावर ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढंच आहे. समजा ऑगस्टचे २५ आणि सप्टेंबरचे २४ दिवस लागले, तर बेरीज ४९. इथेच क्लेम पडला. एप्रिल ते जुलैचे शंभरेक दिवस जुन्या क्रमांकावर पडून आहेत, पण नव्यावरून बघणाऱ्याला ते दिसत नाहीत. एका माणसाला आयुष्यभर एकच विमा क्रमांक असतो. नोकरी बदलली तरी नव्या मालकाने नोंदणी करताना 'आधीचा क्रमांक आहे' हे निवडून तोच दहा आकडी क्रमांक टाकायचा असतो. ठेकेदाराची माणसं घाईत सगळ्यांना नवीन म्हणून भरतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. उपाय एकच: दोन्ही क्रमांक जोडून घेण्याचा अर्ज शाखा कार्यालयात द्यायचा. शाखा कुठली, ते ई-पहचान कार्डावर (विम्याच्या ओळखपत्रावर) छापलेलं असतं.

अर्ज द्यायच्या आधी एक काम घरी बसून करा. पगाराच्या चिठ्ठ्या काढा आणि पोर्टलवरच्या कॉन्ट्रिब्युशनच्या तक्त्याशी महिनावार लावा. १४,६०० वर कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे १०९.५०, वरच्या रुपयाला नेऊन ११०. मालकाचा ३.२५ टक्के, म्हणजे ४७५. चिठ्ठीवर ११० कापलेत आणि पोर्टलवर त्याच महिन्यासमोर पगार ९,००० व वाटा ६८ दिसला, तर कमी पगार दाखवलाय. दिवसांचंही तसंच. पगारी सुट्टी दिवसांत धरायची असते. २६ च्या जागी १८ लागले असतील तर त्या महिन्याची हजेरी किंवा पंचिंगचा फोटो सोबत ठेवा.

पगाराची ओळ इतकी बारकाईने बघायचं कारण भत्त्याच्या हिशोबात आहे. लोकांना वाटतं पगाराच्या निम्मे मिळणार. तसं नाही. मागच्या चार योगदान काळांतली एकूण मजुरी घेतात, तिला ७३० ने भागतात आणि येईल त्याच्या निम्मे रोजचे देतात. तुमचं: १४,६०० गुणिले २२ म्हणजे ३,२१,२००. भागिले ७३०, रोज ४४०. निम्मे २२०. जास्तीत जास्त ९० दिवस, म्हणजे १९,८००. पूर्ण २४ महिने भरलेल्याला त्याच पगारावर २१,६०० बसतात आणि १३ महिनेवाल्याला फक्त ११,७००, कारण भागाकार प्रत्येकाला ७३० नेच होतो. म्हणून जुन्या क्रमांकावरचे २० महिने जोडून घेतल्याशिवाय क्लेम रेटायचा नाही. कुणी चुकून दोन महिन्यांच्या मजुरीवर मंजूर केला तरी तोटा तुमचाच, आणि हे ९० दिवस आयुष्यात एकदाच मिळतात.

जालना_रोलिंगमिल

पगारपत्रक भाऊंनी दिवसांचं नीट सांगितलंय. मी कारणाचं सांगतो, कारण दिवस भरूनही क्लेम इथे मार खातात.

मालक दर महिन्याचं कॉन्ट्रिब्युशन भरतो (पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत) तेव्हा ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढे कारणाचा आकडा टाकावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली, ३ निवृत्त, १० कपात, ११ काम नाही. मुनीम मंडळी सवयीने सगळ्यांना २ लावतात, शेवटचा दिवस टाकतात आणि मोकळे होतात. पण स्वतःहून नोकरी सोडलेल्याला हा भत्ता नाही. गैरवर्तनावरून काढलेल्याला नाही, स्वेच्छानिवृत्तीला नाही, बेकायदा संपातल्या दिवसांना नाही. त्या एका '२' मुळे शाखेतला माणूस तुम्हाला स्वेच्छेने गेलेला समजतो, आणि त्याच्यापुढे दुसरा कागद नसतो.

म्हणून ठेकेदाराकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या: अमुक विमा क्रमांकाच्या कामगाराचं काम १० ऑक्टोबरपासून ऑर्डरअभावी बंद केलं, त्याने राजीनामा दिलेला नाही, नोंदीतलं कारण चुकून लागलं आहे. तो देत नसेल तर अकरा जणांनी मिळून मूळ कंपनीच्या एचआरला अर्ज द्या. ठेकेदाराच्या कामगारांचं ईएसआय आधी मूळ मालकाने भरायचं आणि मग ठेकेदाराकडून वळतं करायचं, असा विमा कायदाच आहे. त्यामुळे 'ते ठेकेदाराचं बघा' म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. तिथेही उत्तर नसेल तर काम बंद झाल्याचा पुरावा स्वतः जमवा: गेटपास परत घेतल्याची नोंद, 'उद्यापासून येऊ नका' असा सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज, एकाच तारखेला अकराही जणांचे दिवस थांबल्याचे तक्ते. हा शेवटचा पुरावा जोरदार आहे. अकरा माणसं एकाच दिवशी राजीनामा देत नसतात, हे कुणालाही कळतं. अर्ज प्रत्येकाचा वेगळा द्या, पण सोबत अकराही जणांची यादी जोडा.

आणखी एक, हे फार थोड्यांना माहीत असतं. ईएसआयसीचीच दुसरी योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना कायद्याने बंद झाला किंवा कामगार कपात झाली आणि विम्याची किमान दोन वर्षं भरलेली असली, तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो: पहिले १२ महिने सरासरीच्या ५० टक्के, नंतरचे १२ महिने २५ टक्के. वर तेवढ्या काळात कुटुंबासकट दवाखाना. तुमचे २२ महिने आहेत, म्हणजे दोन महिन्यांनी हुकलं. पण त्या अकरांत कुणाची दोन वर्षं भरली असतील तर त्याने ९० दिवसांच्या क्लेमवर सही करायच्या आधी शाखेत या योजनेबद्दल विचारावं. एकाच काळाचे दोन्ही भत्ते मिळत नाहीत. इथे 'कपात' असा लेखी शब्द लागतो, 'लेफ्ट सर्व्हिस' वर हे दार उघडतच नाही.

कपातीची भरपाई वेगळी आहे, ती ईएसआयसीकडे मागायची नसते. वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे २२ महिन्यांचे ३० दिवस. ही तक्रार सहायक कामगार आयुक्तांकडे.

सेवाकेंद्र_पैठण

मोबाईल आणि बँकेचं मी लिहिते.

मोबाईल दोन ठिकाणी वेगवेगळा नोंदलेला असतो, आधारला आणि ईएसआयसीला. लोक एक बदलतात आणि ओटीपी का येईना म्हणून बसून राहतात. क्रम असा ठेवा: आधी आधारला चालू नंबर लावा. केंद्रावर अंगठा द्यायचा, या बदलाला कागदपत्र लागत नाही, फी ७५ रुपये. पावतीवरचा यूआरएन (बदलाच्या अर्जाचा) क्रमांक जपा, त्यावरूनच बदल झाला की नाही ते कळतं. आधारचा बदल उमटल्यावरच ईएसआयसीकडे जा. पोर्टलवर आत शिरता येत असेल तर तिथून, नसेल तर शाखेत अर्ज आणि आधारची झेरॉक्स देऊन. सायबरवाल्याचा नंबर कुठेही लावू देऊ नका. एकदा लागला की पासवर्ड बदलायलाही त्याच्या दुकानात जावं लागतं, आणि क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज त्यालाच जातो.

ताया-बहिणींसाठी वेगळं सांगते. लग्नाआधी नोकरीला लागलेल्यांचं ईएसआयसीला माहेरचं नाव आणि आधारला सासरचं असतं. बऱ्याच जणांच्या एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं अक्षर. आधार जुळणी इथे अडकते. कुठलं नाव पक्कं ठेवायचं ते आधी ठरवा. आधार, बँक, ईएसआयसी, पीएफ या चारपैकी तीन जुळत असतील तर चौथंच बदला. सगळीकडे एकदम अर्ज टाकले की चार महिने कुठलंच कशाला जुळत नाही.

बँक. हैदराबाद बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी (बँक शाखेचा कोड) 'एसबीएचवाय' पासून सुरू होतो, तो आता चालत नाही. 'एसबीआयएन' ने सुरू होणारा हवा. शाखेतून नवं पासबुक छापून घ्या आणि पहिल्या पानाचा स्वच्छ फोटो काढा, खाते क्रमांक आणि आयएफएससी दोन्ही वाचता आले पाहिजेत. देना बँक, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद यांची खाती असलेल्यांनीही कोड तपासा, त्या सगळ्या २०१९-२० मध्ये दुसऱ्या बँकांत विलीन झाल्यात.

खातं जिवंत आहे का तेही बघा. दोन वर्षं स्वतः व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. केवायसी देऊन ते चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नसतात. कमी कागदपत्रांवर उघडलेलं छोटं खातं असेल तर त्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षाला १ लाखाच्या वर जमा होत नाही. पीएफ आणि भत्ता एकाच वेळी आला तर रक्कम परत फिरते. पूर्ण केवायसी करून टाका.

'मंजूर' दिसतंय पण पैसे नाहीत, असं झालं तर शाखेकडून पेमेंटची तारीख आणि यूटीआर (त्या व्यवहाराचा) क्रमांक मागा. यूटीआर घेऊन बँकेत गेलं की रक्कम जमा झाली की परत गेली, आणि कशामुळे, ते सांगतात. तो क्रमांक नसला की बँक ईएसआयसीकडे बोट दाखवते आणि ईएसआयसी बँकेकडे.

निधी_नांदेड

पीएफबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. हे खातं वेगळं, कार्यालयही वेगळं. पीएफ काढल्यामुळे ईएसआयसीचा भत्ता बंद होत नाही. फक्त दोन्हीकडे नोकरी सुटल्याची तारीख सारखी ठेवा, नाहीतर पडताळणीत प्रश्न येतो.

ठेकेदाराने पीएफला सुटल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्याला दोन महिने झाल्यावर ती स्वतः टाकता येते. यूएएन (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) पोर्टलवर मॅनेज, मग मार्क एग्झिट. तारीख शेवटचा भरणा झालेल्या महिन्यातलीच घेतं. कारण निवडताना थांबून वाचा. टाकलेली तारीख नंतर सहजी बदलत नाही, म्हणून घाई करू नका. पासबुक किंवा चेकचा फोटो जोडायची अट एप्रिल २०२५ मध्ये गेली, पण केवायसीत बँक खातं मंजूर झालेलं असायलाच हवं. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' शिबिर भरतं. दोन ठेकेदारांची दोन पीएफ खाती असतील तर तिथे कागद घेऊन जाणं सगळ्यात सोपं.

रांजणगाव_शेणपुंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. क्रमांक जोडायला वेळ लागला तर तोवर क्लेमची मुदत जाते का? आणि मधे कुणाला काम मिळालं तर? अर्जाचा नमुना कुणी दिला तर अकरा जणांचे उद्याच लिहून काढतो.

पगारपत्रक

मुदत नोकरी गेल्याच्या तारखेपासून एक वर्ष आहे, म्हणून घाबरू नका, पण आज पोच घ्या. क्लेम झालेल्या दिवसांचाच असतो, पुढच्या तारखांचा घेत नाहीत. एकेक महिन्याचा टाकता येतो किंवा तीन महिने झाल्यावर एकदम. योजना मुदतवाढीवर चालते, तेव्हा चालू मुदत पोर्टलवर बघून घ्या. काम मिळालं की त्या दिवसापासून भत्ता थांबतो आणि ते कळवावंच लागतं. लपवून खोटं लिहिलं तर विमा कायद्यात शिक्षा आहे. आणि नव्या ठिकाणी पहिल्या दिवशीच सांगा: माझा विमा क्रमांक आहे, नवा काढू नका.

नमुना:

प्रति, शाखा व्यवस्थापक, कर्मचारी राज्य विमा महामंडळ, (ई-पहचान कार्डावरची शाखा).
विषय: दोन विमा क्रमांक जोडणे व नोकरी सुटल्याचे कारण दुरुस्त करणे.
माझा पहिला विमा क्रमांक ____ असून तो ____ पासून चालू आहे. दिनांक ____ पासून त्याच कामावर दुसऱ्या ठेकेदारामार्फत काम करताना माझ्या नावे दुसरा क्रमांक ____ काढण्यात आला. दोन्ही क्रमांक माझेच असून आधार एकच आहे. कृपया दुसऱ्या क्रमांकावरील दिवस व मजुरी पहिल्या क्रमांकावर घ्यावी. तसेच दिनांक ____ रोजी कामाअभावी माझे काम बंद करण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही. नोंदीतील 'लेफ्ट सर्व्हिस' हे कारण चुकीचे आहे. दुरुस्तीनंतर माझा अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा क्लेम विचारात घ्यावा.
सोबत: आधार, दोन्ही ई-पहचान कार्डे, दोन्ही क्रमांकांचे कॉन्ट्रिब्युशन तक्ते, पगाराच्या चिठ्ठ्या, 'अपात्र' दाखवणाऱ्या पानाची प्रिंट, ठेकेदाराचे पत्र किंवा इतर पुरावा, बँक पासबुकाचे पहिले पान.

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

जालना_रोलिंगमिल

पोच असूनही तीन आठवडे हालचाल नसेल तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाका, श्रम मंत्रालय आणि मग ईएसआयसी निवडून. निपटाऱ्याची मुदत २१ दिवस आहे. एका तक्रारीत एकच मुद्दा लिहा: अमुक आवक क्रमांकाचा, अमुक तारखेचा अर्ज, क्रमांक जोडणी बाकी. पगार, ठेकेदार, बँक सगळं एकात कोंबलं की त्यातल्या एखाद्याच मुद्द्याला उत्तर देऊन तक्रार बंद करतात. माहिती अधिकारात विचारायचं झालं तर ईएसआयसी केंद्राची आहे, महाराष्ट्राच्या आरटीआय पोर्टलवर टाकलेला अर्ज तिथे पोहोचत नाही. केंद्राच्या पोर्टलवर टाका, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. प्रश्न एवढाच विचारा: माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली आणि सध्या तो कोणाच्या टेबलावर आहे.